सनद, शाप आणि धारप

कल्याण जंक्शन ओलांडून आग्नेयेकडे वळणारा लोहमार्ग १८५६ साली खोपोलीपर्यंत पोहोचला, तेव्हा त्याच्या दोन्ही अंगांस भातखाचरे, वळणावळणाने वाहणारी उल्हास नदी आणि दूरवर मलंगगडाचा उभा कडा यांवाचून प्रवाशाच्या नजरेस विशेष काही पडत नसावे. आज त्याच मार्गावर विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही स्थानके अशी ओळीने उभी आहेत की, एका गावाची वस्ती कोठे संपते आणि दुसऱ्याची कोठे सुरू होते, हे फलाटावरील पाटीखेरीज दुसऱ्या कशानेही सांगता येऊ नये. या पट्ट्याचे प्रवासवर्णन सहसा कोणी लिहीत नाही. येथील लोक प्रवास करतात तो कचेरीत जाण्यासाठी आणि घरी परतण्यासाठी. ज्या प्रवासात दोन पाय टेकण्यापुरती जागा मिळाली तरी दैव अनुकूल म्हणायचे, त्याचे वर्णन करण्याची हौस कोणास असणार? मी मात्र दुपारच्या विरळ गाडीने, खिडकीची जागा धरून, पिशवीत नारायण धारपांच्या कादंबऱ्या घेऊन या वाटेने निघालो होतो, आणि माझ्या मनात एक विचार होता तो प्रत्यक्ष गावे पाहून पारखून घ्यावा, एवढाच या भ्रमंतीचा हेतू होता.

धारप पुण्याचे. या पट्ट्याशी त्यांचा काही खास ऋणानुबंध होता असा माझा दावा नाही. १९२५ साली जन्मलेला आणि २००८ साली निवर्तलेला हा लेखक शिक्षणाने रसायनतंत्रज्ञ होता, आणि त्याने शंभरावर पुस्तके लिहिली. त्यांत विज्ञानकथा आहेत, सामाजिक कादंबऱ्याही आहेत, पण मराठी वाचकाने त्याला ओळखले ते भयकथाकार म्हणूनच. ‘समर्थ’, ‘चेटकीण’, ‘ग्रास’, ‘लुचाई’, ‘शपथ’, ‘ग्रहण’ ही नावे ज्यांनी ऐन पंचविशीच्या आत वाचली, त्यांना ती आजही नुसती उच्चारली तरी मानेवर कोणीतरी फुंकर घातल्यासारखे वाटते. आणि तरीही वाङ्मयाच्या इतिहासग्रंथांत धारपांना जी जागा मिळते ती एखाद्या ओळीची, तीही अनेकदा ‘इत्यादी’ या शब्दाच्या अगदी शेजारची. समीक्षकांनी त्यांची उपेक्षा केली, आणि वाचनालयांनी त्यांची पुस्तके फाटून जाईतो फिरवली. हे दोन्ही निकाल एकाच काळात, एकाच समाजाने दिले, हे मला नेहमी मौजेचे वाटत आले आहे.

माझा विचार तो असा. धारपांची भुते स्मशानातली नाहीत, वेशीबाहेरच्या पिंपळावरचीही फारशी नाहीत. ती मिळकतीची भुते आहेत. त्यांच्या कितीतरी कथांचा आरंभ आठवून पाहावा. कोणी एक मध्यमवर्गीय, पापभीरू, बेताच्या पगाराचा गृहस्थ असतो. त्याला एके दिवशी वकिलाचे पत्र येते की, ज्याचे तोंडही त्याने धड पाहिलेले नाही असा कोणी दूरचा चुलता निवर्तला असून त्याचा वाडा वारसाहक्काने याच्याकडे आला आहे. किंवा त्याची बदली होते आणि परक्या गावी संशय यावा इतक्या स्वस्त भाड्याने एक ऐसपैस घर मिळते. मग सह्या होतात, कबजा मिळतो, किल्ल्या हाती येतात, आणि पहिल्याच रात्री त्याच्या ध्यानात येते की घराची वहिवाट अजून दुसऱ्याच कोणाकडे आहे. ‘आनंदमहल’, ‘केशवगढी’, ‘४४० चंदनवाडी’ ही पुस्तकांची नावे नव्हेतच, ते पत्ते आहेत. टपालवाल्याने पाकीट आणून द्यावे असे. (गिरगावकराला त्यातील चंदनवाडीचे वेगळे स्पष्टीकरण नको, त्याच्या चार पिढ्या तेथेच पोहोचवल्या गेल्या.) घर घेणे ही ज्या वर्गाच्या आयुष्यातील सर्वांत मोठी आणि सर्वांत धास्तीची घटना, त्या वर्गाच्या उरात धारपांनी नेमक्या त्याच जागी बोट ठेवले. आणि मुंबईत घर परवडेना म्हणून डोंबिवली, तेथे परवडेना म्हणून अंबरनाथ, तेथेही परवडेना म्हणून बदलापूर असा जो वर्ग पायरीपायरीने सरकत गेला, तो या तीन गावांत राहतो.

उल्हासनगरात मी उतरलो आणि चौथ्या कॅम्पाच्या दिशेने चालू लागलो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात येथे सरकारने लष्करी छावणी वसवली होती. युद्ध संपले, गोरे शिपाई गेले, आणि रिकाम्या पडलेल्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेली सुमारे लाखभर माणसे आणून ठेवण्यात आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसून या छावणीचे उल्हासनगर झाले. नगर झाले तरी छावणीची परिभाषा मात्र सुटली नाही: आजही येथील माणूस पत्ता सांगतो तो कॅम्प क्रमांक, सेक्शन, बराकीचा म्हणजे ‘बी. के.’ नंबर आणि मग खोली, असा. फौजेच्या हजेरीपटावर नाव चढवावे तसा. बराकीच्या लांबच लांब दालनात गोणपाटाचे पडदे टांगून कुटुंबाकुटुंबांनी आपापले संसार मांडले, बायकांनी पापड लाटले, पुरुषांनी गाडीत गोळ्याबिस्किटे विकली, आणि बघता बघता त्या दालनांच्या जागी दुकाने, दुकानांवर माळे, माळ्यांवर मजले चढले. ते इतक्या बेगुमानपणे चढले की, अखेर २००६ साली खास उल्हासनगरातील अनधिकृत बांधकामे नियमित करण्यासाठी राज्याला स्वतंत्र कायदा करावा लागला.

जुनी बराक म्हणून जी काही उरली आहे ती शोधावी लागते. दोन चौमजली इमारतींच्या फटीत अडकलेली एक मला दिसली: उतरते कौलारू छप्पर, त्यावर निळे प्लास्टिक, भिंतीला पोपडे, आणि पोपड्याखाली जुन्या चुन्याचा पिवळसर थर. दाराशी जीन्सच्या पँटींचे गठ्ठे दोरीने आवळून ठेवले होते आणि एक मुलगा मांडी घालून, हातातल्या छोट्या कात्रीने, शिलाईचे लोंबते धागे एकेक करून कापीत होता. निळ्या धाग्यांचा ढिगारा त्याच्या गुडघ्यापर्यंत आला होता. शेजारच्या कापडदुकानात गल्ल्यावर बसलेले वयस्क गृहस्थ बराच वेळ माझ्याकडे पाहत होते. पालिकेचा माणूस नाही अशी खात्री पटल्यावर त्यांनी मला हाक मारली.

“काय शोधता, दादा? प्लॉट पाहिजे?”

“नाही हो. जुनी बराक पाहत होतो.”

“बराक पाहायला आले?” ते हसले. “या, बसा. चहा घ्या. बराकीत काय पाहणार, आम्हीच जुने आहोत.”

चहा आला, आणि बोलता बोलता त्यांनी गल्ल्याखालच्या खणातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागदांचा गठ्ठा काढला. वडिलांच्या नावची सनद होती, तिच्यामागे क्लेमच्या अर्जाची पिवळी पडलेली प्रत. सिंधमध्ये मागे राहिलेल्या स्थावराचा तपशील सरकारात नोंदवायचा, तो पडताळला जायचा, आणि १९५४ च्या नुकसानभरपाई कायद्याखाली त्याच्या बदल्यात येथे काही पदरात पडायचे, असा तो व्यवहार. अर्जावर खोल्यांची संख्या होती, अंगणातील विहिरीची नोंद होती, चतुःसीमा होत्या. “घर तिथं, कागद इथं,” ते म्हणाले, आणि मग, पिशवीची गाठ पुन्हा मारता मारता, “आमचे वडील सांगायचे, आपल्या त्या घरात आता जो राहतो ना, त्याला रात्री आपणच भूत वाटत असणार.”

धारपांच्या साऱ्या ग्रंथसंभारावर मी काही लिहावे म्हटले असते तर इतके नेमके भाष्य मला सुचले नसते. भूत म्हणजे दुसरे काय? ताबा गेला पण हक्क सोडला नाही असा मालक. आपल्याकडील पिशाच्चशास्त्र मुळातच महसुली आहे: मुंजा झाडाची जागा धरून बसतो, वेताळाची शिवेवर चौकी असते, समंध पुरलेल्या धनावर पहारा ठेवतो. प्रत्येकाची हद्द ठरलेली, आणि हद्द ओलांडणाऱ्यालाच उपद्रव. धारपांनी या जुन्या अंमलदारांना रजा देऊन त्यांच्या कचेरीत नवी माणसे नेमली, पण दफ्तर तेच ठेवले.

येथे एक आक्षेप घेतला जातो, आणि तो टाळून पुढे जाणे बरे नव्हे. धारपांची ‘लुचाई’ ही स्टीफन किंगच्या १९७५ च्या ‘सेलम्स लॉट’वर बेतलेली आहे आणि ‘शपथ’ त्याच्याच ‘इट’वर, तेव्हा ही सारी उसनवारी आहे, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. उल्हासनगरच्या बाजारात उभे राहून हा आक्षेप आठवणे यात एक गंमत आहे, कारण हुबेहूब नक्कल करण्याचा लौकिक या गावाइतका दुसऱ्या कोणी मिरवला नसेल. येथल्या मालावर ‘मेड इन यू.एस.ए.’ असे छापतात आणि विचारणाऱ्यास ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा उलगडा करून सांगतात, हा विनोद तर आता स्वतःच जुना ऐवज झाला आहे. परंतु नक्कल करणाऱ्यास कापड, शिलाई आणि गिऱ्हाईकाचे अंग ही तिन्ही ओळखावी लागतात. किंगच्या मेन प्रांतातील ओसाड घर एकट्या मालकाचे असते. ते मराठीत आणायचे म्हणजे त्याला सहहिस्सेदार हवेत, भाऊबंदकी हवी, देवघर हवे, माजघर हवे, आणि कोणीतरी ‘हे घर विकू नका हो’ असे निक्षून सांगणारी म्हातारी हवी. धारपांनी ही सारी तरतूद केली, म्हणूनच मूळ इंग्रजी कधी हातात न धरलेल्या माणसाला ते घर आपल्या आजोळच्या घरासारखे वाटले. मुळाचा ऋणनिर्देश ठळकपणे व्हायला हवा होता, हे मात्र मला मान्य आहे. चांगल्या लेखकाला ते जड जाऊ नये.

परदेशात याच जातकुळीचा, वयाने धारपांहून चोवीस वर्षांनी धाकटा असलेला एक लेखक आहे, आणि उल्हासनगरातून चालताना त्याची आठवण मला पदोपदी होत होती. हिदेयुकी किकुची हा १९४९ साली जपानच्या समुद्रकाठच्या चोशी गावी जन्मला. तोक्योच्या आओयामा गाकुइन विद्यापीठात तो कायदा शिकला, मासिकांसाठी फुटकळ लेखन करीत राहिला, आणि १९८२ साली त्याची पहिली कादंबरी आली ती शिंजुकु या तोक्योच्या भर गजबजलेल्या भागाविषयी. या कादंबरीत एका अमानुष भूकंपाने एकटा शिंजुकु उरलेल्या शहरापासून तुटतो आणि पिशाच्चांची वसाहत बनतो. दुसऱ्याच वर्षी त्याने ‘व्हॅम्पायर हंटर डी’ ही मालिका सुरू केली. तिच्यासाठी योशिताका अमानोने काढलेली चित्रे आणि १९८५ चा चलच्चित्रपट यांमुळे तो जपानबाहेरही पोहोचला. ब्रिटिश हॅमर कंपनीच्या ड्रॅक्युलापटांचे आणि लव्हक्राफ्टचे ऋण तो उघडपणे सांगतो. उसनवारीचा आक्षेप त्याच्यावर कोणी घेतल्याचे ऐकिवात नाही. पण मला हेवा वाटतो तो शिंजुकुचा. रोज लक्षावधी प्रवासी ज्या स्थानकात उतरतात, त्याच स्थानकाचे नाव कादंबरीच्या माथ्यावर घालून त्याने त्या जागेला दुसरे, काळोखे आयुष्य दिले. आपल्या भयकथेने ठाण्याच्या पूर्वेला असे धाडस केलेले नाही. विठ्ठलवाडीच्या पुढे रुळांना भेग पडली आणि पाच कॅम्प तुटून निराळे झाले, अशी कादंबरी अजून कोणी लिहायची आहे.

उल्हासनगरहून अंबरनाथ म्हणजे एकच स्थानक, पण हवेचा वास बदलतो. येथे वेस्टर्न इंडिया मॅच कंपनीचा, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘विमको’चा, काड्यापेट्यांचा कारखाना होता, दारूगोळ्याचा सरकारी कारखाना आहे, १९५० नंतरच्या दशकात आलेला यंत्रहत्यारांचा आहे, आणि औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कारखाने तर पावलोपावली. धारप रसायनतंत्रज्ञ होते ही गोष्ट मी घरी बसून वाचली होती. तिचा अर्थ मला या वासात लागला. त्यांची गद्यशैली प्रयोगशाळेतील नोंदवहीची आहे. वातावरणनिर्मितीसाठी ते विशेषणांची आतषबाजी करीत नाहीत. तारीख किती, वेळ कोणती, दिवा कोठे होता, दाराची कडी आतून होती की बाहेरून, खोलीतील गारठा कोणत्या कोपऱ्यात अधिक होता, ही निरीक्षणे एकामागून एक, जबानी नोंदवल्यासारखी येतात, आणि मग एका ओळीत, आवाज किंचितही न चढवता, जे व्हायला नको ते होते. त्यांचा समर्थ हा नायकही याच घडणीचा. जटा नाहीत, चिमटा नाही, हुंकार नाही; शांत वृत्तीचा, ज्ञानी, नेमके प्रश्न विचारणारा हा पुरुष आपले स्नेही अप्पा यांना बरोबर घेऊन पछाडलेल्या घरात शिरतो तो पंचनाम्याला आलेल्या अधिकाऱ्यासारखा. अमंगळ शक्ती ही त्याला एखाद्या विषारी द्रव्यासारखी दिसते: तिचे गुणधर्म असतात, तिला उतारा असतो, आणि मात्रा चुकली तर हाताळणारा जिवानिशी जातो.

(रत्नाकर मतकरींचे भय या दृष्टीने अगदी विरुद्ध टोकाचे. बँकेत नोकरी करून नाटके लिहिणाऱ्या मतकरींनी गूढकथेला आणले ते माणसाच्या मनाच्या कोनाड्यातून. त्यांच्या कथेत घर बदलून उपयोग नसतो, कारण बिघाड राहणाऱ्यात असतो. ‘खेकडा’ वाचून रात्री दिवा मालवावासा वाटत नाही हे खरे, पण घरभाड्याची पावती तपासावीशीही वाटत नाही.)

अंबरनाथचे शिवालय स्थानकाच्या पूर्वेस, वालधुनी नदीच्या काठी आहे. नदी म्हणायचे ते परंपरेला धरून. आज जे वाहते त्याचा रंग सांगण्यासारखा नाही. शिलाहार राजा छित्तराजाच्या काळी आरंभलेले आणि मुम्मुणी उर्फ माम्वाणीच्या कारकिर्दीत पुरे झालेले हे देवालय, दाराच्या तुळईवरील लेखाप्रमाणे शके ९८२ चे, म्हणजे इसवी सन १०६० चे. भूमिज शैलीच्या अगदी आरंभीच्या देवळांत याची गणना होते. बाहेरच्या भिंतींवर शिल्पांची इतकी दाटी आहे की नजरेला विसावा मिळत नाही. हत्तींची रांग, नर्तकी, शिवाची नाना रूपे, आणि त्यांच्यात अस्थिपंजर झालेली, पोट खपाटीला गेलेली चामुंडा. पण ज्यासाठी मी मुद्दाम आलो होतो ती गोष्ट आत आहे. या देवळात सभामंडपातून देवाकडे जाताना वर चढायचे नसते, खाली उतरायचे असते. गाभारा जमिनीच्या पोटात आहे.

“जपून उतरा हो काका,” पुढे चाललेल्या एका बाईंनी मागे वळून सांगितले, “पायऱ्या झिजल्यात. डावा हात भिंतीला लावून चला.”

भिंत गार आणि ओलसर होती, शेकडो वर्षांच्या हातांनी एका ठरावीक उंचीवर गुळगुळीत झालेली. पायऱ्या उतरत जावे तसतसा वरचा कोलाहल मंद होत गेला आणि खाली बेलाचा, ओल्या दगडाचा, तुपाच्या वातीचा मिळून एक जुना वास आला. डोक्यावर मात्र काळोख नव्हता; शिखराचा माथा उरलेला नसल्याने वरून आभाळाचा उजेड सरळ पिंडीवर उतरत होता. बाईंनी एक बेलपान वाहिले, नातवाच्या नोकरीसंबंधी देवाला काही बजावले, आणि लगबगीने वर निघून गेल्या. त्यांना यात भिण्यासारखे काहीच वाटले नाही, आणि ते बरोबरच होते. मला मात्र ‘खाली काहीतरी आहे’ या एका भावनेवर धारपांनी किती पाने लिहिली ते आठवत होते. तळघराचे दार, फरशीखालची पोकळी, विहिरीतला कोनाडा, या साऱ्यांचे मूळ आपल्या गर्भगृहाच्या कल्पनेतच तर नसेल? देव आणि भय यांचा पत्ता एकच असावा, फक्त उतरणाऱ्याची वृत्ती निराळी.

या शिलाहारांनी आणखी एक वारसा मागे ठेवला आहे, आणि मिळकतीच्या भयाचा विचार करणाऱ्याला तो डावलता येत नाही. कोकणात आणि ठाणे-रायगडच्या मुलुखात जागोजागी गद्धेगाळ नावाचे दगड सापडतात. वर सूर्य आणि चंद्र, मध्ये जमीन दान दिल्याचा लेख, आणि खाली गाढव व स्त्री यांचे असे चित्र की ते सभ्य समाजात वर्णिता येत नाही. या दानात जो कोणी ढवळाढवळ करील त्याच्या कुळाला हा शाप. अलिबागजवळच्या आक्षीचा जो शिलालेख शके ९३४ चा म्हणून मराठीच्या आद्य लेखांत मोजला जातो, तोही याच जातीचा. म्हणजे आपली भाषा दगडावर उमटली तीच मुळी एक दस्तऐवज आणि त्याखाली एक शाप घेऊन. न्यायालय दूर, राजा उद्या असेल की नाही याची शाश्वती नाही, अशा वेळी दानपत्राची अंमलबजावणी कोणाकडे सोपवावी? भयाकडे. धारपांच्या वाड्यांतून जो सूड घेतला जातो त्याचा हा सर्वांत जुना मसुदा.

बदलापुरास पोहोचलो तेव्हा उन्हे कलली होती. स्थानकाबाहेर पाऊल टाकताच जाहिरातीची पत्रके हातात कोंबणारे चारजण भेटले: एक खोली-स्वयंपाकघर, दोन खोल्या-स्वयंपाकघर, बागेसह, तरणतलावासह, कर्जाची सोय जागेवर. या इमारतींना आधीचा मालक नाही, जुना वाडा नाही, निवर्तलेला चुलता नाही. तेव्हा धारपांच्या भुतांनी येथे यावे कोठून? मलाही क्षणभर तसेच वाटले. पण या मजल्यांखाली जी जमीन आहे तिचा सातबारा काढून पाहावा. कुळांची नावे, फेरफाराचे क्रमांक, कमी केलेल्या नावांना घातलेले कंस, आगऱ्यांची भातशेती, ठाकर-कातकऱ्यांच्या वहिवाटीच्या वाटा, आणि काही नावे तर अशी की त्यांचे वारस आज त्याच इमारतीच्या फाटकाशी खुर्ची टाकून पहारा करीत असतील. आणि नदीने तर आपला हक्क कागदावरही सोडलेला नाही. २६ जुलै २००५ रोजी उल्हास पात्राबाहेर आली तो दिवस येथे कोणी विसरलेले नाही. २०१९ च्या जुलैत तर बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकून पडली आणि हजारच्या आसपास उतारूंना होड्यांनी बाहेर काढावे लागले. धारपांच्या कथेत आधी सूचना मिळते, मग दुसरी मिळते, आणि गृहस्थ दोन्ही वेळा दुर्लक्ष करतो. पूररेषेचे नकाशे पाहून घर घेणारा मनुष्य मला अजून भेटायचा आहे.

बदलापुरात ‘ग्रंथसखा’ हे श्याम जोशी यांनी उभारलेले ग्रंथालय आहे. चित्रकलेच्या या शिक्षकाने दुर्मिळ मराठी ग्रंथ, जुनी मासिके, दिवाळी अंक यांचा जो संग्रह जमवला, तो पाहण्यासाठी संशोधक लांबून येतात. अशा ठिकाणी गेले की मला पुस्तकांच्या आतील मजकुराइतकेच त्यांचे बाह्यांग पाहावेसे वाटते. धारपांची जुनी पुस्तके वाचनालयात जगली ती विशिष्ट वेषात: खाकी कागदाचे वेष्टन, कण्यावर शाईने घातलेला क्रमांक, मागे चिकटवलेल्या कागदावर तारखांचे शिक्के. ते शिक्के मी नेहमी मोजतो. गंभीर कादंबरीच्या मागे वर्षाकाठी दोन-तीन शिक्के असतात आणि त्यांच्यात सुट्टीची ऐसपैस अंतरे. धारपांच्या पुस्तकामागे मात्र शिक्क्यावर शिक्का उमटलेला, कागद संपला म्हणून दुसरा कागद चिकटवलेला, आणि शेवटच्या प्रकरणाची पाने घामट बोटांनी तपकिरी झालेली. वाङ्मयीन इतिहास लिहिणाऱ्यांनी या कागदांचा पुरावा कधी दाखल करून घेतला नाही. अलीकडे छत्रपती संभाजीनगरच्या साकेत प्रकाशनाने त्यांची पुस्तके नव्या वेषात पुन्हा बाजारात आणली आहेत, आणि ती खपतात. पण त्यांच्या गुळगुळीत मुखपृष्ठांवरच्या कवट्या पाहून धारपांनी, माझ्या समजुतीप्रमाणे, नापसंतीने चष्मा काढला असता. त्यांनी कवटी दाखवायला हवी होती तेथे बहुधा एक बंद दार दाखवले.

परतीच्या गाडीत समोरच्या बाकावर महाविद्यालयीन वयाचे दोघे तरुण ‘तुंबाड’ चित्रपटाविषयी बोलत होते. हा चित्रपट २०१८ साली आला, म्हणजे धारप जाऊन दहा वर्षे लोटल्यावर. राही अनिल बर्वे या दिग्दर्शकाला एका मित्राने १९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात धारपांची ‘आजी’ ही कथा सांगितली, आणि तिने धरलेली पकड सुटेना म्हणून हा चित्रपट घडला, असे त्यांनीच सांगितले आहे. त्या कथेच्या मागे पुन्हा किंगची ‘ग्रॅमा’ आहे, आणि चित्रपटाच्या नावामागे श्री. ना. पेंडशांचे ‘तुंबाडचे खोत’. अमेरिकेतील अंथरुणाला खिळलेली एक म्हातारी पुण्याच्या रसायनतंत्रज्ञाच्या हातून मराठी घरात शिरली, तेथून विदर्भातील जंगलात तोंडी सांगितली गेली आणि कोकणातल्या वाड्यात साखळदंडाने बांधली गेली. आणि या साऱ्या स्थलांतरात जे टिकले ते एवढेच की, पोराला त्या खोलीत एकट्याला जायचे आहे.

“गोष्ट कोणाची आहे रे मूळची?” एकाने विचारले.

“कोणी धारप म्हणून होते,” दुसरा म्हणाला. “जुने.”

खिडकीशी बसलेल्या, मांडीवर भाजीची पिशवी घट्ट धरलेल्या वृद्ध बाईंनी मान वळवली. “कोणी धारप म्हणून काय? नारायण धारप. आमच्या लग्नाआधी वाचनालयात नंबर लागायचे त्यांच्या पुस्तकाला. दोन दिवसांत परत नाही केलं तर दंड.”

“आजी, तुम्ही वाचलंय?”

“सगळं वाचलंय. ‘लुचाई’ तर दोनदा.”

“भीती नाही वाटली?”

“तेव्हा वाटायची. मग कल्याणला सासर मिळालं,” बाई म्हणाल्या. “वाड्यात सात हिस्सेदार. सासऱ्यांनी दावा लावला, तो त्यांच्यामागे यांनी चालवला, आता मुलगा तारखांना जातो. वाडा पडला, वकील वारले, पण दावा आहे तिथंच आहे. मला कसली आलीय लुचाईची भीती!”

तरुणांनी दावा नक्की कशाचा आहे ते विचारले, आणि बाईंनी पिशवी बाजूला ठेवून, मूळ पुरुषापासून सुरुवात करून, वंशावळ सांगायला घेतली. कल्याण येईपर्यंत त्या तिसऱ्या पिढीपर्यंतही पोहोचल्या नव्हत्या.